नळाची बारीक धार : जुन्या प्रवासी ट्रेलरमधला पाण्याचा दाब

जुन्या प्रवासी ट्रेलरमध्ये नळाची धार बारीक पडली, की पहिला आळ पंपावर येतो. नवा पंप आणून बसवला जातो आणि बऱ्याचदा धार होती तशीच राहते. पंपाच्या अलीकडे टाकी, टाकीत हवा घेणारी नळी, शोषणाची नळी, गाळणी आणि बॅटरीची तार असते. पलीकडे पाणी मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, गीझर, भिंतीआडचे पाइप आणि तोटीची जाळी. यातले काहीही बिघडले तरी नळावर दिसणारे लक्षण एकच, ते म्हणजे बारीक धार. पन्नास-साठ वर्षांच्या ट्रेलरमध्ये तर यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या काळात, वेगळ्या मालकाने, हाताशी जे मिळाले त्यातून बदललेली असते. म्हणून अशा ट्रेलरमध्ये आधी मोजमाप करावे आणि मगच पाना हातात घ्यावा.

प्रवासी ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. अमेरिकेत त्याची परंपरा जुनी आहे. वॉली बायम यांनी १९३१ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ १९३६ साली आला. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेल्या या ट्रेलरमध्ये चौघांची झोपायची सोय होती, विजेचे दिवे होते आणि स्वतःचा पाणीसाठाही होता. दुसऱ्या महायुद्धानंतर या वाहनांना मोठा बाजार मिळाला. एअरस्ट्रीमचा ओहायो राज्यातल्या जॅक्सन सेंटर इथला कारखाना १९५२ साली सुरू झाला आणि पुढच्या काळात बाहेरची वीज वा पाणी न जोडता काही दिवस राहता येईल असे ट्रेलर घडू लागले. रानात मुक्काम टाकून नळ सोडला की पाणी यावे, ही सोय तेव्हा नवलाची होती. आज जुने ट्रेलर विकत घेऊन दुरुस्त करणाऱ्यांची अमेरिकेत मोठी बिरादरी आहे आणि पाण्याची तक्रार त्यांच्या पाचवीला पुजलेली असते.

त्या काळी दाब निर्माण करण्याच्या दोन पद्धती होत्या आणि आपल्या ट्रेलरमध्ये कोणती आहे हे आधी पाहावे लागते. पहिल्या पद्धतीत पाण्याला पंप नसतोच. बंदिस्त धातूच्या टाकीत पाणी भरायचे आणि वरच्या मोकळ्या जागेत छोट्या कॉम्प्रेसरने, किंवा चाकाच्या व्हॉल्व्हसारख्या व्हॉल्व्हमधून पेट्रोल पंपावर, हवा भरायची. कोंडलेली हवा पाण्याला नळापर्यंत रेटते. या पद्धतीत धार कमी होत जाणे हा बिघाड नसून तिचा स्वभावच आहे. समजा १०० लिटरच्या टाकीत ७० लिटर पाणी आहे आणि उरलेल्या ३० लिटर जागेत हवा ४० पौंडांनी भरली आहे. इथले पौंड म्हणजे टायरवाला सांगतो तेच, दर चौरस इंचावरचे. ३० लिटर पाणी वापरले की हवेला दुप्पट जागा मिळते. वातावरणाचे १४.७ पौंड हिशेबात धरले तर गेजवर जेमतेम १३ पौंड उरतात. कॉम्प्रेसर चालू असताना ही तूट भरून निघते. तो चालूनही दाब चढत नसेल, तर हवा कुठून निसटते ते शोधायचे. टाकीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. मात्र टाकी आतून गंजलेली असेल तर दाब वाढवण्याचा मोह टाळावा. कोंडलेल्या हवेत फार मोठी ताकद साठलेली असते आणि गंजलेला पत्रा फाटला तर ती एका झटक्यात बाहेर पडते. अशी टाकी निवृत्त करून पुढे सांगितलेली दुसरी पद्धत बसवणे हेच शहाणपणाचे.

दुसऱ्या पद्धतीत टाकी साधी, बिनदाबाची, बहुधा प्लास्टिकची असते आणि पाणी बारा व्होल्टच्या डायफ्रॅम पंपाने खेचले जाते. मोटार फिरते, तिच्यावरचा तिरकस भाग रबरी पडद्याला पुढेमागे ढकलतो. पडदा मागे आला की एक झडप उघडून पाणी आत येते, पुढे गेला की दुसरी उघडून बाहेर जाते. पुढे प्रेशर स्विच असतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि ठरलेल्या आकड्याला स्विच मोटार तोडतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि मोटार पुन्हा लागते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे यंत्र परके नाही. पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात याच जातीचा बारा व्होल्टचा पंप असतो. ट्रेलरमधले आजचे प्रचलित पंप मिनिटाला ११ लिटरांच्या आसपास पाणी देतात आणि ४५ किंवा ५५ पौंडांना थांबतात. मिनिटाचा हा आकडा मात्र नळ पूर्ण मोकळा असतानाचा आहे. दाब चढेल तसे पाणी कमी होते. पंचेचाळीस पौंड म्हणजे किती, हे गच्चीवरच्या टाकीच्या हिशेबाने पाहता येते. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळाला साधारण १४ पौंड दाब देते. पंचेचाळीस पौंडांसाठी टाकी ३१ मीटरहून उंच ठेवावी लागेल. पंप धडधाकट असेल तर ट्रेलरमध्ये रडतखडत अंघोळ करण्याचे कारण नाही.

इथे दाब आणि प्रवाह यांतला फरक नीट ध्यानात घ्यायला हवा, कारण निम्म्या चुका तो न कळल्याने होतात. सगळे नळ बंद असताना पाइपात साठतो तो स्थिर दाब. नळ उघडल्यावर टिकून राहतो तो चालता दाब. अर्धवट तुंबलेल्या पाइपामागेही स्थिर दाब अगदी छान दिसतो, कारण पाणी वाहतच नसते. घर्षण वाहत्या पाण्यालाच लागते. म्हणून एक साधे प्रेशर गेज पंपाच्या तोंडाशी आणि शक्य असल्यास दुसरे शॉवरच्या जागी बसवावे. नळ बंद ठेवून पंप चालवला, तो ४५ पौंडांना थांबला आणि काटा तिथेच राहिला, तर पडदा, झडपा आणि स्विच बहुतेक ठीक आहेत. आता नळ उघडायचा. पंपाजवळचा काटा उंचच राहिला आणि नळाला मात्र धार नाही, तर अडथळा पंपाच्या पुढे आहे. पंपाजवळचाच काटा पार खाली आला, पंप एकसारखा धावतो आहे आणि तरी पाणी थोडेच येते, तर दोष पंपात, त्याच्या मागच्या शोषणात किंवा विजेत आहे. दोन गेज आणि पाच मिनिटे, एवढ्यात अर्धा ट्रेलर संशयातून मुक्त होतो.

गेज नसेल तरी एक चाचणी करता येते. ट्रेलरला बाहेरच्या नळाचे पाणी थेट जोडण्यासाठी स्वतंत्र तोंड असते. मुक्कामाच्या तळावर तिथे पाइप लावला की टाकी आणि पंप दोन्ही वगळले जातात. बाहेरच्या पाण्यावर धार जोरात आणि पंपावर बारीक असेल, तर पुढचे पाइप निर्दोष ठरतात. दोन्हीकडून बारीकच असेल, तर पंपाला हात लावण्याची गरज नाही. त्याआधी बाहेरच्या तोंडातली जाळी मात्र काढून पाहावी. तिथे वाळूचे कण अडकून बसतात आणि निदान चुकवतात. बाहेरचे पाणी जोडताना दाब उतरवणारा रेग्युलेटर लावणे सक्तीचेच मानावे. काही तळांवर नळाचा दाब ८० पौंडांच्या वर असतो आणि साठ सालच्या सांध्यांना तो झेपत नाही. रेग्युलेटर ४० ते ५० पौंडांचा असावा.

पंपावरच धार कमी असेल तर तपास टाकीपासून सुरू करावा. टाकीतून पाणी बाहेर पडते तेवढी हवा आत यावी लागते. तिच्यासाठी एक बारीक नळी ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला उघडते आणि अमेरिकेतल्या कुंभारीण माशीला ते भोक फार आवडते. उन्हाळ्यात ट्रेलर अंगणात उभा असताना ती तिथे मातीचे घर बांधून जाते. मग पहिल्या एक-दोन मिनिटांत धार ठीक येते, हळूहळू मंदावते, पंपाचा आवाज जड होतो आणि प्लास्टिकच्या टाकीची बाजू आत ओढली जाते. टाकी भरण्याचे झाकण उघडले की फस्सदिशी हवा आत शिरते आणि धार क्षणात पूर्वीसारखी होते. इतके नेमके उत्तर देणारी चाचणी या साऱ्या तपासात दुसरी नाही आणि तिला खर्चही नाही.

नंतर शोषणाची बाजू. शेतावरच्या मोटारीने ‘हवा धरली’ की ती कशी गुरगुरते आणि पाणी सोडते, हे ज्याने ऐकले आहे त्याला इथले लक्षण लगेच ओळखू येईल. पंपाआधीच्या नळीत दाब नसून ओढ असते. त्यामुळे तिथल्या सैल क्लिपमधून किंवा तडा गेलेल्या गाळणीतून पाण्याचा एक थेंबही बाहेर दिसत नाही, हवा मात्र आत जात राहते. नळातून पाण्यासोबत फसफस येते, पंपाचा सूर चढतो आणि कधी कधी तो थांबायचेच विसरतो. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. गाळणीची पारदर्शक वाटी हा यातला कच्चा भाग. थंडीत तिच्यात चमचाभर पाणी उरले तरी गोठून केसाएवढी चीर पडते. वाटी फिरवून काढावी, जाळी धुवावी, रबरी रिंग तपासून अन्नयोग्य सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे आणि हातानेच घट्ट करावी. नव्या टाकीला भोके पाडताना उडालेली प्लास्टिकची भुकटी या जाळीत हमखास सापडते. शोषणाची नळी मऊ पडली असेल तर पंप चालताना ती चपटी होते. तिथे जाड भिंतीची, आतून तार असलेली नळी हवी. टाकीच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असेल आणि ती मधेच तडकली असेल, तर टाकी अर्धी भरलेली असतानाच पंप हवा धरू लागतो. टाकी काठोकाठ असताना ठीक आणि निम्म्यावर आली की वाईट, ही खूण तिचीच.

आता वीज. जुन्या ट्रेलरमध्ये हा विषय फार दुर्लक्षिला जातो, म्हणून त्याला जास्त वेळ द्यावा. मोटारीची गती तिला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरते. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी विसाव्यात १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टवर आली की तिच्यात जेमतेम पाव भाग उरलेला असतो. पण बॅटरीवर मोजलेला आकडा पंपाच्या कामाचा नाही. मोजायचे ते पंपाच्या दोन टोकांवर, पंप चालू आणि नळ उघडा असताना. बॅटरी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला आणि पंप सहा मीटर मागे पलंगाखाली असेल, तर जाऊन-येऊन बारा मीटर तार होते. ती अमेरिकी मापाने १४ गेजची असेल आणि पंप ७ अँपिअर घेत असेल, तर तारेतच जवळजवळ पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. १० गेजची, म्हणजे अधिक जाड, तार टाकली तर ही गळती पाव व्होल्टाच्या आसपास येते. तारेहून वाईट असतात ते सांधे. पुष्कळ ट्रेलरांत परतीची तार वेगळी नसते, ट्रेलरचा धातूचा सांगाडाच परतीचे काम करतो. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे स्क्रूने आवळले आहेत तिथे ओल शिरली, की पांढरी भुकटी जमते आणि रोध वाढत जातो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरे पंपाच्या ऋण तारेला लावून पंप चालवावा. तिथे अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसले तर गुन्हेगार सापडला. शंका उरली तर फ्यूज घातलेल्या जाड तारांनी पंप थेट बॅटरीला जोडून पाहावा. पंपाचा आवाज खणखणीत झाला आणि धार वाढली, तर पंप बदलू नये, तार बदलावी. सत्तरच्या दशकातल्या एअरस्ट्रीममध्ये ‘युनिव्होल्ट’ नावाचा चार्जर असे. तो बॅटरीतले पाणी उकळवून संपवतो अशी त्याची ख्याती आहे. अशा बॅटरीवर दिवा लागतो, पण पंपाचा भार पडताच व्होल्टेज कोसळते.

टाकी, शोषण आणि वीज निर्दोष ठरली तरच पंप उघडावा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या ट्रेलरांत अनेकदा ‘पार’ या नावाचा पंप सापडतो. त्याची मोटार बाजूला असते आणि ती रबरी पट्ट्याने पंपाचे चाक फिरवते. पट्टा सैल झाला वा तेलकट झाला तर मोटार जोमात फिरते आणि पंप मात्र रेंगाळतो. चाकाकडे बघत नळ उघडला की घसरणारा पट्टा दिसतो. अलीकडच्या बंदिस्त पंपात पट्टा नसतो, डोक्याचे चार-पाच स्क्रू काढले की आतले सगळे हातात येते. आधी पडदा उजेडात ताणून पाहावा. त्याची चीर बहुधा तबकडीच्या कडेने, चंद्रकोरीसारखी असते आणि न ताणता दिसत नाही. मग छत्रीच्या आकाराच्या छोट्या रबरी झडपा. त्यांच्या खाली वाळूचा एक कण, टेफ्लॉन टेपचा धागा किंवा क्षाराची खपली अडकली, तरी पाणी पुढे जाते तेवढेच मागे येते आणि पंप कितीही धावला तरी दाब चढत नाही. टेपचे धागे इथवर पोहोचतात ते हौशी जोडणाऱ्याच्या हातून. आट्यांच्या टोकापर्यंत टेप गुंडाळला की त्याचा शेव पाण्यात लोंबतो. पहिले दोन आटे कोरे सोडावेत. कित्येक पंप अशा एका धाग्यापायी कचऱ्यात गेले असतील, याची खंत वाटते, कारण झडपा-पडद्याचा जुडगा नव्या पंपाच्या तुलनेत खूप स्वस्त मिळतो.

दाब पुरेसा असून प्रवाह नसेल, तर उलट टोकाने यावे, म्हणजे तोटीकडून पंपाकडे. तोटीच्या टोकाची जाळी काढली आणि धार उसळली, तर काम तिथेच संपले. क्षार जमलेली जाळी रात्रभर व्हिनेगरात बुडवून ठेवली की मोकळी होते. शॉवरबाबत एक कायदेशीर बाबही आहे. अमेरिकेत १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्यानुसार १९९४ पासून शॉवरवर ८० पौंड दाबाला मिनिटाला २.५ गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर, अशी मर्यादा आली. घरचा साधा शॉवर ट्रेलरच्या ४० पौंडांवर लावला की तो साडेसहा-पावणेसात लिटरच देतो. कमी दाबासाठी बनवलेला शॉवर त्याच पाण्यात अंगाला लागेल अशी धार देतो.

मग पाइप. सत्तरच्या दशकापर्यंतच्या ट्रेलरांत तांब्याचे पाइप सर्रास असत. तांबे टिकाऊ, पण गोठणाऱ्या पाण्यापुढे त्याचे काही चालत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि पाइप लांबीच्या रेषेत उकलतो. अशी चीर जोडाजवळ किंवा खोलगट जागी, आतल्या पत्र्याच्या मागे असते. त्यावर पूर्वीच्या मालकाने घातलेला जोड पाइपाहून अरुंद असतो आणि धार तिथे अडते. पाइपाचा आतला व्यास पाऊणपट झाला, तर तेवढेच पाणी नेताना घर्षण जवळजवळ चौपट होते. तीन-चार हिवाळ्यांचे तीन-चार जोड म्हणजे नळाची धार कुठे गेली याचा पुरता हिशेब. १९८६ च्या पेयजल कायद्याच्या दुरुस्तीने अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या जोडांच्या डागातले शिसे बंद झाले. त्याआधीच्या तांब्याच्या डागात शिसे असू शकते, म्हणून पिण्याच्या पाण्याचा पाइप दाबाची तक्रार नसली तरी बदललेला बरा. १९७८ ते १९९५ या काळात वापरलेला राखाडी पॉलिब्युटिलीन पाइप सापडला तर तो ठेवूच नये. पाण्यातल्या क्लोरीनने त्याचे जोड ठिसूळ होतात आणि त्यावरून अमेरिकेत १९९५ साली सुमारे ९५ कोटी डॉलरची सामूहिक तडजोड झाली होती. आज त्या जागी पेक्स नावाचा लवचीक पाइप वापरतात. त्याचे जोड पाइपाच्या आत शिरतात, म्हणून कोपरे जितके कमी तितकी धार चांगली. पाइप वळवता येत असताना कोपरा बसवू नये.

फक्त गरम पाण्याची धार कमी असेल तर शोध गीझरपाशी थांबतो. हिवाळ्याआधी गीझर वगळून पाइपांत न गोठणारे गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉल भरतात. त्यासाठीच्या चाव्यांपैकी एखादी वसंतात अर्धवट उघडी राहून जाते. तसे नसेल तर गीझरच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह क्षाराने चिकटलेला असतो.

उलट तक्रारही येते. सगळे नळ बंद असताना रात्री पंप मधूनच क्षणभर गुरगुरतो. म्हणजे दाब कुठून तरी निसटतो आहे. आधी संडासाच्या भांड्यात कोरडा कागद ठेवून तो ओला होतो का पाहावे, मग गीझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकतो का, बाहेरच्या तोंडातून पाणी झिरपते का. कुठेच ओल नसेल तर पाणी पंपाच्या झडपांतून टाकीत परत जाते आहे. बाहेरचे पाणी जोडल्यावर टाकी आपोआप भरू लागली, तर हे निदान पक्के झाले. बारीक धार सोडल्यावर पंप सुरू-बंद, सुरू-बंद करत असेल, तर तो बिघाड नसून पाइपांत लवचीकपणा नसल्याचे लक्षण आहे. पंपाच्या पुढे हवेची उशी असलेली छोटी दाबटाकी बसवली आणि तिच्यातली हवा पंप सुरू होण्याच्या दाबाच्या जवळपास ठेवली, की धडधड थांबते.

प्रेशर स्विचवरचा स्क्रू आवळून दाब वाढवण्याचा उपाय अगदी शेवटचा. मूळ दोष तसाच राहून दाब वाढला, तर पंप थांबायचे सोडतो, गरम होतो आणि भिंतीआडचा जुना सांधा उकलतो. गेज लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये आणि लावलाच तर पाव फेऱ्याहून जास्त नको.

दुरुस्ती झाल्यावर टाकी भरून स्विच तोडेपर्यंत पंप चालवावा, त्याची वीज बंद करावी आणि गेज तासभर तसेच ठेवावे. काटा हलला नाही तर सांधे भरवशाचे. त्यानंतर टाकीतल्या दर ५७ लिटर पाण्याला ६० मिली या प्रमाणात साधे, बिनवासाचे घरगुती ब्लीच मिसळावे, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडावे, चार तास राहू द्यावे आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवून काढावे. शेवटी शॉवर आणि स्वयंपाकाचा नळ एकाच वेळी उघडून, पंप चालू असताना, त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज आणि तोंडाशी असलेला दाब मोजून तारखेसह कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवावा. पुढच्या मोसमात धार पुन्हा बारीक वाटली, तर हे दोन आकडे आधी ताडून पाहता येतात.